मंडळीत राहून घरशाळा: सोबत कुठून आणायची?

वाचकाचं पत्र: आम्ही अहिल्यानगरला राहतो. मिस्टर एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. मुलीला तिसरीनंतर शाळेतून काढलं आणि गेल्या जूनपासून दोघांना मी घरीच शिकवते. अभ्यास बरा चाललाय, पण मी एकटी पडले आहे. दर रविवारी चर्चमध्ये कोणीतरी विचारतं, "शाळा का सोडली? दहावीचं काय?" सासूबाई मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्या मनातून दुखावल्या आहेत. पुण्यात घरशाळावाल्या पालकांच्या भेटीला एकदा जाऊन आलो. लोक चांगले होते, पण ख्रिस्ती कुटुंब आमचं एकच. इंटरनेटवर अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरशाळा बघते तेव्हा वाटतं, यांच्याकडे सगळं आहे आणि आपल्याकडे काहीच नाही. परवा मुलगी म्हणाली, "आई, मला मैत्रीण नाही." काय करावं?

उत्तर:

ताई, सलाम.

मुलीचं वाक्य तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंत, पण तेच सगळ्यात तातडीचं आहे. त्याचा उपाय पुण्यातही नाही आणि इंटरनेटवरही नाही. तो तुमच्या गल्लीत आणि चर्चच्या आवारात आहे. नऊ वर्षांच्या मुलीला मैत्रीण मिळते ती तीच तीच मुलं, त्याच जागी, पुन्हा पुन्हा भेटल्यावर. महिन्यातून एकदा मोठी सहल काढून ते होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तासभर खेळून होतं. घरशाळेत इथे एक चूक नकळत घडते. आपला अभ्यास सकाळी आटोपतो, दुपार मोकळी जाते आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या घाईत मुलं घरातच राहतात. शाळेत जाणारी मुलं मात्र साडेपाच ते सात एवढ्याच वेळात बाहेर असतात. ही दीड तासाची वेळ तुमच्या वेळापत्रकातली सर्वांत महत्त्वाची समजा आणि काही झालं तरी मोडू नका. तिच्या जुन्या वर्गातल्या एक-दोन मुलींच्या आयांना तुम्ही स्वतः फोन करा आणि वार ठरवून घ्या. शाळा सुटली की मैत्री आपोआप सुटते असं नाही, पण ती टिकवण्यासाठी मोठ्यांपैकी कोणालातरी हात हलवावे लागतात.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही एकाच घरात सगळं शोधताय. श्रद्धा आपलीच, शिकवण्याची पद्धत आपलीच, मुलांची वयं सारखी आणि गावही तेच. नगरमध्ये या चारही गोष्टी जुळणारं कुटुंब सापडायला फार थांबावं लागेल, आणि थांबण्यातच तुमचं वर्ष एकटेपणात गेलंय. म्हणून गरजा सुट्या करा. मुलांना खेळायला सोबत हवी, ती शाळेत जाणाऱ्या मुलांकडून मिळेल. तुमच्यासाठी प्रार्थना करणारी माणसं मंडळीत, म्हणजे तुमच्या चर्चच्या लोकांत, आहेत. घरशाळेतल्या अडचणी कळणारे पालक पुण्यात आहेत, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. आणि कामाचा वाटा उचलणारी व्यक्ती कदाचित तुमच्या घरातच आहे.

ती व्यक्ती म्हणजे सासूबाई. त्यांचं दुखणं नीट समजून घ्या. अमेरिकन मराठी मिशनने नगरला 1831 मध्ये ठाणं केलं, आणि तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती समाजाची वर येण्याची वाट शाळेतूनच गेली. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांनी नगरलाही मुलींना शिकवलं, आणि सावित्रीबाई फुले शिक्षिकेचे धडे घ्यायला त्यांच्याकडे आल्या. ज्यांच्या आजी-पणजीला गावात विहिरीजवळ उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांना शाळेच्या बाकानं मान दिला. अशा घरातली नात शाळा सोडते तेव्हा "आम्ही आयुष्यभर केलं ते वाया गेलं का?" असा प्रश्न त्यांना पडतो. चर्चमधले वडीलधारे "दहावीचं काय?" विचारतात त्यामागेही बहुतेकदा हीच काळजी असते. तिला विरोध समजून उत्तर देऊ नका.

सासूबाईंना पटवत बसू नका. त्यांना काम द्या. मराठीचं वाचन आणि शुद्धलेखन पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा. आठवड्यातून चार दिवस, मुलीला चाळीस मिनिटं आणि मुलाला वीस. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, आणि त्यांना ती सवयीची असतात. तासाच्या वेळी तुम्ही त्या खोलीत थांबू नका, मध्ये सुचवू नका, नंतर वही तपासू नका. इथेच बहुतेक घरांत बिनसतं. सून काम देते आणि मग देखरेख करते, किंवा आजीला बाकीच्या विषयांची परीक्षकही करून टाकते. एक विषय, पूर्ण अधिकार, आणि बाकीच्या विषयांत मत विचारायचं ते महिन्यातून एकदा, वह्या समोर ठेवून. त्यांनी नाही म्हटलं तर मंडळीत निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची उणीव नाही. गणितासाठी आठवड्यातून दोन तास द्या म्हणून विचारलंत तर बरेच जण आनंदाने येतील.

दहावीच्या प्रश्नाला मात्र ठाम आणि कागदोपत्री उत्तर तयार ठेवा, कारण ते नसेल तर प्रोत्साहन देणारेही गप्प होतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावीची परीक्षा वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. किमान पाच विषय लागतात आणि त्यांत निदान एक भाषा हवी. मराठी माध्यम आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि विषय सुटे सुटे करून देता येतात. त्याआधी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे त्यांचे अ, ब, क असे मुक्त मूलभूत शिक्षणाचे स्तर आहेत. दुसरी वाट राज्य मंडळाची, 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसायची. तिच्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मुलीचा दाखला घेतला नसेल तर याच आठवड्यात जाऊन आणा. पुढे डोमिसाइल आणि जातीचा दाखला काढतानाही तोच कागद मागतात. मुलाचं नाव कुठल्याच शाळेत घातलेलं नसेल तर त्याचा जन्मदाखला आणि आधार यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही आताच बघा.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे तो पालकांचं कर्तव्य म्हणतो, पण ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. घरशिक्षणाला त्यात स्पष्ट मान्यता नाही, हेही तितकंच खरं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी कोणी शिक्षक दारात आले तर घाबरू नका आणि वाद घालू नका. त्यांना आत बसवा, वह्या, वेळापत्रक आणि दाखला दाखवा, पुढची परीक्षा कधी ते सांगा. यासाठी एक फाइल तयार असावी. दर महिन्याला प्रत्येक विषयाची दोन-तीन पानं, वाचलेल्या पुस्तकांची यादी, प्रयोगांचे फोटो. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी अर्ध्या तासात हे होतं. तीच फाइल सासूबाईंना, चर्चच्या पाळकसाहेबांना आणि पुढे कधी शाळेत परतायचं झालं तर मुख्याध्यापकांना दाखवता येते. परतायची वाट बंद नसते. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो.

आता चर्च. इथे तुम्ही मान्यता मागायला जाऊ नका. "आमचं घरशिक्षण बरोबर आहे असं सांगा" म्हटलंत तर पंचकमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, दोन तट पडतील आणि तुम्ही त्यांच्या मध्ये सापडाल. मागायची ती जागा: दर शनिवारी दुपारी 4 ते 6 चर्चचा हॉल, मंडळीतल्या सगळ्या मुलांसाठी, शाळेत जाणाऱ्यांसकट. शनिवारी बहुतेक शाळा सकाळच्या असतात म्हणून मुलं मोकळी असतात, आणि संध्याकाळी क्वायरची तालीम असेल तर सहाच्या आत हॉल रिकामा झाला पाहिजे. अर्ज एका पानाचा करा. त्यात काय करणार, किती मुलं, कोणते मोठे हजर राहणार, विजेचा खर्च कोण देणार, झाडून कोण घेणार आणि मुदत तीन महिने, एवढंच लिहा. मुदत लिहिली की होकार द्यायला सोपं जातं. पाळकसाहेबांना अर्ज आधी घरी जाऊन दाखवा. कमिटीत त्यांना तो पहिल्यांदा वाचावा लागू नये.

दोन नियम पहिल्याच दिवशी ठरवा आणि भिंतीवर लावा. एक, मुलांजवळ कायम दोन मोठी माणसं हवीत, ती एकाच घरातली नसावीत, आणि दार उघडं असावं. हे लहानशा, ओळखीच्या मंडळीतही पाळायचं. ओळखीच्यांतच नियम सैल होतात, म्हणून जास्तच. दुसरा नियम, मुलं सोडून जायचं नाही, प्रत्येक घरातलं कोणीतरी थांबेल. यात सुरक्षितता आहे आणि कायद्याचं भानही आहे. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर शिक्षण हक्क कायद्याखाली एक लाखापर्यंत दंड होतो, आणि चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजार. त्यामुळे फी नाही, प्रवेश नाही, गणवेश नाही, आणि नावात "स्कूल" किंवा "विद्यालय" नको. कागद, रंग, डिंक यांचा खर्च एका वहीत लिहून वाटून घ्या.

आठ ते दहा मुलं पुरे. पहिल्या महिन्यात तीनच आली तरी बंद करू नका. दहा मिनिटं गाणं आणि प्रार्थना, पंचवीस मिनिटं मोठ्याने वाचन, चाळीस मिनिटं हातानं करायचं काहीतरी, पाव तास खाऊ आणि उरलेला अर्धा तास मैदान. हाताच्या कामाला फार साहित्य लागत नाही. हळदीचा कागद करून त्यावर साबणाचं पाणी आणि लिंबाचा रस टाकून बघा, काडेपेटीचा फोन करा, कडधान्यं ओल्या रुमालात मोड आणून रोज मोजा. वाचनासाठी ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं घ्या. तीस-चाळीस पुस्तकांची पेटी हॉलच्या कपाटात राहिली तर आठवड्यासाठी घरी न्यायलाही देता येतील. मोठ्याने वाचन नऊ-दहा वर्षांच्या मुलीकडून करून घ्या, लहान मुलं समोर बसवून. तुमच्या लेकीला यातून जागा मिळेल, आणि तिला आत्ता तीच नाहीये.

अशा गटात काय बिघडतं तेही सांगतो. सगळ्यात आधी खाऊ. पहिल्या आठवड्यात चुरमुरे, तिसऱ्यात केक, पाचव्यात सँडविच आणि थंड पेय, आणि सातव्या आठवड्यात ज्या घरात पैशांची ओढाताण आहे ते घर यायचं थांबतं. कारण कोणी सांगत नाही. म्हणून खाऊ ठरलेला असावा: केळी, चिक्की किंवा चुरमुरे, यापलीकडे काही नाही, वाढदिवसालासुद्धा नाही. दुसरं, सगळं एकीवरच पडणं. शनिवारची जबाबदारी आळीपाळीने लिहून ठेवा आणि तुमची पाळी महिन्यातून दोनच असू द्या. तुम्ही नसताना कार्यक्रम थोडा विसकटला तर विसकटू द्या. तो तुम्ही सावरलात की पुन्हा सगळं तुमचंच होतं.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. नगरमध्ये सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहे, कॅथलिक आहेत, पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्या आहेत. मुलं एकमेकांना आणतील आणि मग एखाद्या पाळकांना वाटेल की इथे आपली मेंढरं पळवली जातायत. सुरुवातीलाच ठरवा की शनिवारच्या गटात कोणी कोणाला आपल्या चर्चला यायचं आमंत्रण देणार नाही, आणि बाप्तिस्मा, प्रार्थनेत अन्य भाषांत बोलणं, मरियेविषयीची भक्ती हे विषय मुलांसमोर काढणार नाही. बायबलमधल्या गोष्टी आणि सगळ्यांना येणारी गाणी भरपूर आहेत. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट घरं शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळतात, त्यांना हा वार चालणार नाही. एखादं असं कुटुंब ओळखीचं असेल तर महिन्यातला एक कार्यक्रम रविवारी दुपारी ठेवा.

चर्चच्या वर्षात मैत्री जमायच्या दोन वेळा आहेत, त्या हातच्या जाऊ देऊ नका. एक नाताळच्या नाटिकेची तालीम. महिनाभर आठवड्यातून दोनदा तीच मुलं भेटतात आणि एकत्र काम करतात. दुसरी मे महिन्यातली व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. त्यात तुम्ही स्वतः शिकवायला नाव द्या. तुमची मुलं कशी आहेत आणि तुम्ही कशा शिकवता हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की रविवारचे प्रश्न कमी होतात. स्पष्टीकरणांनी ते कधीच कमी होत नाहीत. मुलीला गाण्याची आवड असेल तर भजनी मंडळात पेटी शिकायला बसवा. ना. वा. टिळकांनी नगरला राहून मराठी ख्रिस्ती भजन-कीर्तनाला जे वळण दिलं ते जपणारी वयस्क माणसं अजून आहेत, आणि सत्तर वर्षांच्या काकांची आणि नऊ वर्षांच्या मुलीची पेटीवर चांगली गट्टी जमते. घरशाळेत सगळ्या वयांच्या माणसांत मिसळायला जो वेळ मिळतो तो असा वापरायचा.

पुण्याच्या घरशाळा पालकांकडे पुन्हा जा. एका भेटीवरून त्यांना सोडू नका. परीक्षेचे फॉर्म कुठे अडतात, गणितात मूल अडलं तर काय करायचं, नातेवाइकांना काय सांगायचं, हे त्यांना आपल्याकडच्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत असतं. स्वशिक्षण ही भारतातल्या घरशाळा पालकांची संघटना आहे, तिच्या मेळाव्यांना वेगवेगळ्या राज्यांतली कुटुंबं येतात. तिथे अनेक जण अभ्यासक्रमच न मानणारे असतील, श्रद्धा वेगळ्या असतील. तुमची श्रद्धा लपवू नका आणि लादूही नका. विचारलं तर साधेपणाने सांगा. मुलांना मात्र आधीच सांगून ठेवा की कोणत्या सणाच्या कोणत्या गोष्टीत आपण भाग घेतो आणि कोणत्यात नाही. ऐनवेळी आईच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायची पाळी मुलांवर येऊ नये.

दर वेळी तुम्हीच पुण्याला जायला हवं असंही नाही. वर्षातून दोनदा मधल्या ठिकाणी भेटा. आमची सूचना केडगावची आहे, दौंड तालुक्यातलं केडगाव, आपल्या नगरचं नव्हे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. तुम्ही रेल्वेने दौंडमार्गे याल, पुण्याची मंडळी त्याच मार्गावर समोरून येतील. संस्थेला आधी पत्र लिहून परवानगी घ्या, मुलांची संख्या कळवा. जाण्याआधी दोन आठवडे मुलांना रमाबाई शिकवा. त्यांचा जन्म 1858 चा. शाळेत न जाता आईकडून, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्याकडून, त्या घरीच संस्कृत शिकल्या, आणि पुढे मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणलं. मुलीनं यावर दोन पानं लिहून शनिवारच्या गटात वाचली तर ऐकणाऱ्या आज्यांनाही ते आवडेल.

अमेरिकेकडे बघून मन लहान करू नका. तिथे आज पन्नासही राज्यांत घरशिक्षण कायदेशीर आहे, पण 1980 च्या दशकात कित्येक कुटुंबं भीत भीत, चार-पाच घरं मिळूनच शिकवत होती. जे तुम्ही बघता ते चाळीस वर्षांनंतरचं आहे. त्यांच्याकडून एकच गोष्ट उचला. एक आई एक विषय सगळ्यांच्या मुलांना आठवड्यातून एकदा शिकवते आणि बाकीच्या आया तिथेच थांबतात. त्यांचे अभ्यासक्रमांचे महागडे संच मागवू नका. इतिहास त्यांचा, नाणी त्यांची, मापं इंच-पौंडांची, आणि वर पाठवणावळ.

शेवटी तुमचा थकवा. मिस्टरांच्या शिफ्टचा तक्ता आला की त्यात त्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा अर्धा दिवस तुमच्यासाठी लिहून टाका. त्या वेळी मुलं त्यांच्याकडे आणि तुम्ही घराबाहेर. पाच आठवडे अभ्यास आणि सहावा आठवडा हलका, फक्त वाचन आणि पाढे, असं वर्ष बांधा. आजारपणं आणि पाहुणे त्या सहाव्या आठवड्यात जिरतात. प्रार्थनेसाठी तीनच बाया पुरेत. त्यात घरशाळेतली एकही नसली तरी चालेल. ठरावीक वारी रात्री सव्वानऊला फोनवर, पाच-पाच मिनिटं प्रत्येकीनं बोलायचं, एक-एक गरज सांगायची, प्रार्थना, आणि पावणेदहाला फोन ठेवायचा. घड्याळ बघायचं काम एकीकडे द्या. वेळ पाळली नाही की फोन दीड तास चालतो, सासू-नणंदांवर येतो, आणि चौथ्या आठवड्यात कोणी उचलत नाही.

दाखला आधी आणा, मग मैत्रिणींच्या आयांना फोन करा. हॉलचा अर्ज पंचकमिटीच्या पुढच्या बैठकीच्या निदान आठ दिवस आधी पाळकसाहेबांकडे पोचू द्या, आणि त्यावर तुमच्याबरोबर आणखी दोन घरांच्या सह्या असू द्या, त्यांतलं एक शाळेत मुलं जाणारं घर.